मानाच्या भिंतीवरची एक जागा

अंगणातल्या बाजेवर पसरलेल्या जुन्या धोतराच्या निम्म्या भागावर मुंगवड्या घालून झाल्या होत्या, निम्मं धोतर अजून कोरंच होतं. फेसलेली डाळ घट्ट वाटली म्हणून नलू पिठाच्या हातानंच पाणी आणायला घरात वळली आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकली.

तिच्या नवऱ्यानं, डोमाजीनं, डबा दोन्ही हातांनी उचलून धरला होता. बाजारातून आणलेल्या भोपळ्याचा अंदाज घ्यावा तसा तो डबा किंचित वर-खाली करत होता.

"काय करून राह्यले?"

डोमाजी दचकला. "काई नाई वं. धूळ पुसून राह्यलो."

त्याच्या हातात फडकं नव्हतं. त्यानं डबा हळूच तथागतांच्या मूर्तीखालच्या फळीवर ठेवला आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

नलूला खरं तर रागवायचं होतं. पण तोंडाशी भलताच प्रश्न आला, 'जड लागते काय?' तो तिनं कसाबसा गिळला.

तो डबा म्हणजे रंगाचा रिकामा डबा, घासूनपुसून स्वच्छ केलेला. झाकणाला फट, कडीला कुलूप. वस्तीच्या कबड्डी मंडळाची मतं त्यात पडत होती. समाजमंदिरात मंडळाची मानाची भिंत आहे. तिच्यावर दर वर्षी एका जुन्या खेळाडूचा फोटो लागतो. आजवर तो कोणाचा, ते जुने खेळाडूच दार लावून ठरवत, आणि त्यांच्यात रामधनचा शब्द चाले. तो एके काळचा कप्तान. डोमाजी कोपऱ्यातून पकड करणारा. त्याचं नाव निघालं की रामधन म्हणे, "कोपऱ्यात उभं राहून कोणी मोठा होते काय?" विषय तिथंच संपे.

यंदा इंद्रजित मंडळाचा सचिव झाला. डोमाजीचा पुतण्या, बाभुळगावच्या कॉलेजात शिकवणारा. भर सभेत त्यानं म्हटलं, "या वर्षी पाहनाऱ्यायनं मत द्यावं."

"पाहनाऱ्यायनं कायले?" रामधन उसळला. "माती आमच्या अंगाले लागली. त्यायनं बसून फुटाणे खाल्ले."

"वर्गणी मांगाले जाता तवा त पाहनारे लय गोड लागतात, दादा."

सभा हसली. शेवटी ठरलं की स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि मैदानावरच्या डब्यात ती टाकायची. रोजचा खेळ संपल्यावर डबा कोणाकडे ठेवायचा? रामधन म्हणाला, "माह्याकडे राहू द्या." मग मागून एक बाई म्हणाली, "नलूबाईजवळ द्या. ते पौर्णिमेले अष्टशील धरते. तिच्यावर कोण बोट ठेवीन?"

"द्या की," रामधन म्हणाला. "नवऱ्याचा फोटो नाई लागला त चूल पेटते का नाई, तेवढंच पाहू."

नलूला तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण सगळे तिच्याकडे पाहत होते आणि नकाराला कारण सुचत नव्हतं. किल्ली हातात आली. त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. वंदना म्हणताना नजर मूर्तीवरून घसरून डब्यावर जाई.

नलू मारेगावकडची. लग्न होऊन आली त्या वर्षी बायका भिंतीआडून कबड्डी पाहत. ती मात्र पुढं येऊन रेषेजवळ बसली. पुढं अश्वजित झाला, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसली. नजीर चढाईला निघाला की सगळं मैदान उभं राही. नजीर आर्णीचा, तिथं त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. खेळायचा मात्र याच मंडळाकडून. वाऱ्यासारखा आत शिरायचा, हात लावून परत. लोक त्याच्यासाठी घसा फोडत. नलू तेव्हा कोपऱ्याकडे पाहत असे. डोमाजीचा वाकलेला गुडघा, पुढं झुकलेले खांदे. समोरचा गडी आत आला की तो कोणत्या पायाला हात घालणार, हे तिला त्याच्या आधी कळायचं.

आता भिंतीवरच्या एका जागेसाठी दोन नावं उरली होती, नजीर आणि डोमाजी. नजीरची बायको हुस्नाबी परवाच बाजारात भेटली. म्हणाली, "नलूताई, तुमारेवाले का फोटो लगा तो भी शिरखुर्मा मैंच लाऊंगी." नलू हसली, पण आतून चरकली. नजीरला आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं तिच्या मनात आलं. मग डोमाजी खरंच मोठा खेळाडू होता, की फक्त आपला होता?

वर्षावासात विहारात ऐकलेलं तिला आठवलं. जुन्या काळी भिक्खूंच्या संघात मतभेद झाला की शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. त्या शलाका गोळा करणारा माणूस माया, द्वेष, भीती आणि मोह या चारींपासून दूर असावा लागे. आपल्याकडे तर चारही आहेत, नलूला वाटलं. नवऱ्याची माया, रामधनचा राग, नवरा हरेल याची भीती. आणि चौथा तर आत्ताच ओठावर आला होता.

"हे किल्ली मी नाई ठेवत," ती म्हणाली.

"काहून? मी उघडला काय डबा?"

"तुमी नाई उघडला. पन मी उघडला असता. आज नाई त उद्या."

"तू? अवं, तू त मुंगीले बी वळसा घालून जाते."

"मुंगी माहा नवरा नोहे."

डोमाजी हसला, पण लगेच गंभीर झाला. "तू सोडली त किल्ली रामधनकडे जाईन. मंग झालंच."

"त्याले नाई देत."

"मंग कोणाले देतं? गावात कबड्डीचं वेड नसलेला मानूस दाखव मले. कोणी नजीरवाला, कोणी माह्यावाला, कोणी रामधनचा चमचा."

सगळं मैदान तिनं डोळ्यांपुढं आणलं. रेषेभोवतीची गर्दी, उठलेले हात, उडणाऱ्या टोप्या, उपरणी. त्या गर्दीत एकच बाई मैदानाकडे पाठ करून बसलेली असे.

"मानीबाई," ती म्हणाली.

"फुटाणेवाली? तिनं आजवर एक डाव पाह्यला नाई! गिऱ्हाईकाकडे तोंड, मैदानाकडे पाठ. मी फायनल जितून आलो त मले इचारते, तू बी खेळते काय रे?"

"म्हनूनच."

डोमाजीनं विचारलं, "अन् तुही चिठ्ठी?"

"ते टाकीन ना. तुमच्याच नावाची. चिठ्ठी टाकाले माया चालते. डबा राखाले नाई चालत."

"तुही एकच." तो खाटेवर टेकला. आवाज एकदम खाली आला होता. "लोकायचं मत घ्या, हे इंद्रजितले मीच सांगतलं होतं, नलू. वाटलं, रामधन नाई म्हनते, पन लोकायनं त पाह्यलं असन. आता भेव लागते. लोक चढाई पाहतात वं. कोपऱ्यात कोण पाहते?"

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याचं मोडून वाकडं जुळलेलं हाड, मनगटावरचा वण. हे हात आज संध्याकाळपर्यंत असेच गुडघ्यांवर पडून राहणार होते. आज मतांचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी मोजणी. किल्ली आपल्याकडे राहिली आणि त्याचं नाव निघालं, तर रामधन गावभर काय सांगत फिरेल ते तिला ऐकू येत होतं. आणि नाव नाही निघालं, तर या माणसाला काय सांगायचं, ते तिला माहीत नव्हतं.

"मी पाह्यलं," ती एवढंच म्हणाली.

डोमाजीनं मान हलवली. ते त्याला पुरलं की नाही, तिला कळलं नाही.

तिनं हात धुतले, डाळीच्या परातीवर ताट झाकलं आणि बाजेवरच्या वड्या राखायला डोमाजीला अंगणात बसवलं. डबा पिशवीत घातला, किल्ली पदराच्या टोकाला बांधली. साक्षीला मंडळाचा सचिव असावा म्हणून वाटेत इंद्रजितला सोबत घ्यायचं, आणि मानीबाईच्या घरी जाऊन डबा नि किल्ली तिच्या हवाली करायची, असं ठरवून ती निघाली.