डोहांची नावं विचारणाऱ्या बाई

"आणि त्याच्या आधी?"

हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याने बाई पाहिल्याच नाहीत असं समजा. विचारताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, की तो माणूस आपसूक दहा वर्षं मागे जायचा. तिथे पोचला, की पुन्हा तेच. दिंडोरीच्या स्टँडवर त्यांनी एकदा चहावाल्याला विचारलं, पाणी कुठलं? धरणाचं, म्हणाला. आणि त्याच्या आधी? विहिरीचं. आणि त्याच्या आधी? "बाई, त्याच्या आधी मी नव्हतो," तो वैतागून म्हणाला. बाई एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी तेव्हा नाशिकला एका सरकारी प्रसिद्धी कचेरीत प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. जीपमध्ये प्रोजेक्टर, जनरेटर आणि पडदा टाकायचा आणि गावोगाव जाऊन खतांच्या, कुटुंबनियोजनाच्या फिल्मा दाखवायच्या. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. एक दिवस साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मुंबईहून एक बाई येतायत. मत्स्यशेतीवर माहितीपट करायचाय. जीप घेऊन तू सोबत राहा. आणि काय काय चाललंय, ते मला कळवत जा." शेवटचं वाक्य त्यांनी फाइलीकडे बघत म्हटलं.

बाई चाळिशीच्या. मूळच्या जळगावकडच्या. पायात कापडी बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, एका खांद्यावर चावी भरून चालणारा कॅमेरा, दुसऱ्यावर टेपरेकॉर्डर. पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या, "ऑपरेटर, तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय ना?"

मी जीपची किल्ली उलटीच फिरवली.

"घाबरू नका. संध्याकाळी आपण दोघं मिळून लिहीत जाऊ." आणि खरोखरच त्या मला रोज अहवाल सांगायच्या. 'बाईंनी आज तीनदा चहा घेतला. बाईंचा बूट चिखलात अडकला. बाई धरणाकडे बराच वेळ बघत बसल्या.' साहेब ते वाचून सही करायचे.

काम सोपं होतं. धरणाच्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ होता. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं आली होती. पाहुण्यांनी एक पिशवी पाण्यात रिकामी केली, टाळ्या झाल्या. बाईंनी ते सगळं टिपलं. मग मत्स्य अधिकाऱ्यांना गाठून चष्मा कपाळावर.

"या पाण्यात आधी कोणते मासे होते?"

"आधी काही नव्हतं हो. हलके मासे. मासेमारी म्हणावी अशी नव्हतीच इथे."

बाईंनी वहीत लिहिलं, 'काही नव्हतं.' खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणाच्या मागच्या अंगाला भोई वस्तीवर गेलो. तिथे सोनाबाई भेटली. साठीला टेकलेली, काळी, काटक. ट्रकच्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत ती जाळं लावायला जायची. तिने आधी बाईंना उडवून लावलं.

"फोटू काढून काय मिळनार?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पण इथे काही नव्हतं, असं लिहून ठेवलंय. ते खरं आहे का, एवढं सांगा."

सोनाबाईने हातातलं जाळं खाली ठेवलं. "कोन म्हनतो काय नव्हतं?"

आणि ती बोलायला लागली. समोर पाणी सपाट पसरलेलं होतं, एक रेघ नाही. पण ती त्यात बोट रोखून दाखवत होती. "तिथं कुंडीचा डोह. त्याच्या खालती मोराचा डोह. त्यात वाम ऱ्हायची, मनगटाएवढी. मरळ, शिंगटा, खडस, काय न्हाई म्हनू? पूर आला का मासा वर चढायचा. भिंत बांधली, मासा खालीच आपटून मेला. आता यांनी दुसरा सोडलाय आन् सोसायटी करून तिला मासं धरायचा ठेका दिलाय. सोसायटीत कोन? कापडवाला, ठेकेदाराचा मेव्हना. पाय भिजलाय का त्यांचा कधी? आमी त्यांच्यासाठी पकडलं तर मजूर, आमच्यासाठी पकडलं तर चोर. बाई, माशाला ठेका ठाऊक हाय का?"

कॅमेऱ्याची घरघर थांबली, तरी सोनाबाईचं बोट पाण्यावरच रोखलेलं होतं.

हे डोह जिथे बुडाले, त्या जागा पाण्यावर जाऊन टिपायच्या, असं बाईंच्या मनाने घेतलं. मी नको म्हणत असताना त्या कॅमेऱ्यासकट दुसऱ्या ट्यूबवर बसल्या. कुंडीच्या डोहावर पोचल्या आणि उलटल्या. एक हात तेवढा वर, हातात कॅमेरा. सोनाबाईने त्यांना केसांना धरून ओढलं, तर बाई नाकातोंडात पाणी जात असताना ओरडतायत, "मला नंतर! कॅमेरा धरा आधी!" काठावर आल्यावर सोनाबाईने त्यांना अशा शिव्या दिल्या, की त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. त्या दिवशीच्या अहवालात आम्ही लिहिलं, 'बाईंनी धरणाच्या पाण्याची खोली तपासली.'

फिल्म तयार होऊन आली. कचेरीच्या हॉलमध्ये मीच दाखवली. साहेब आणि मत्स्य अधिकारी पुढच्या रांगेत. पिशव्या, टाळ्या, मग सोनाबाई. दिवे लागले.

"त्या म्हातारीचा भाग काढावा लागेल," साहेब म्हणाले.

"नाही काढणार."

"फिल्म सरकारची आहे, बाई."

"पाणीही सरकारचंच म्हणतात. म्हणून तर दाखवते आहे."

"मग ही बाहेर जाणार नाही."

"ते तुमच्या हातात. सही तुमच्याकडे, कात्री माझ्याकडे. मी माझी चालवणार नाही."

फिल्म कपाटात गेली. पुढे खात्याने दुसऱ्या कुणाकडून नवी करून घेतली. तिच्यात नुसत्या पिशव्या आणि टाळ्या होत्या.

महिन्याभराने बाई पुन्हा नाशिकला आल्या. पिशवीत त्यांच्याजवळची एक प्रत होती. मला कचेरीबाहेर बोलावून म्हणाल्या, "ठेक्याची मुदत संपतेय. नवा कुणाला द्यायचा, त्याची तहसील कचेरीत सुनावणी आहे. त्याआधी वस्तीवर ही दाखवायचीय. तुमची नोकरी जाऊ शकते, ऑपरेटर. नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. दुसरा प्रोजेक्टर शोधीन."

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. ती गेली तर घरात काय होईल, ते मला दिसत होतं. पण पाणी कुणाचं हे दुसऱ्यांनी ठरवायचं आणि आपण लांब उभं राहायचं, हे माझ्या वडिलांनी गावात अर्धा जन्म सोसलं होतं. मी जीपची किल्ली घेतली.

भर दुपारी वस्तीच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही फिल्म सुरू केली. पडद्यावरची सोनाबाई म्हणाली, "त्याच्या खालती मोराचा डोह." अंधारातून एक म्हातारा ओरडला, "मोराचा न्हाई! गायीचा डोह त्यो!" खरी सोनाबाई उसळून उठली. निम्मी वस्ती मोराच्या बाजूने, निम्मी गायीच्या. मी प्रोजेक्टर थांबवला. बाई भिंतीला टेकून प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "आता यांना माझ्या फिल्मची गरज नाही."

सुनावणीला सगळी वस्ती गेली. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, इथे पिढीजात मासेमारीची नोंद नाही. बाईंनी फिल्मचा डबा टेबलावर ठेवला.

"फिल्म पुरावा होत नाही," अधिकारी म्हणाले.

"माणसं होतात?"

सोनाबाई पुढे झाली. तिने नदी वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवली, डोहामागून डोह. तिला खोटं पाडायला म्हणून अधिकाऱ्यांनी धरणाआधीचा गावनकाशा मागवला. कारकुनाने तो टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि वाचायला लागला. कुंडीचा डोह. भोयांची वाट. जाळं वाळवण्याचा माळ. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. अधिकारी खिडकीबाहेर बघू लागले.

"आन् मोराचा?" सोनाबाईने विचारलं.

"गायीचा लिहिलाय," कारकून म्हणाला.

मागे वस्तीत हशा पिकला. सोनाबाई दोन दिवस त्या म्हाताऱ्याशी बोलली नाही.

ठेका सोसायटीकडेच राहिला. पण भोयांची नावं सोसायटीत घ्यावी लागली, आणि मागच्या अंगाचं पाणी त्यांच्या जाळ्यांना मोकळं झालं. माझी बदली सुरगाण्याला झाली. जीप विनापरवाना नेल्याचा शेरा माझ्या सेवापुस्तकात आजही आहे, आणि खरं सांगायचं तर तो खोडावा असं मला कधी वाटलं नाही.

बाई शेवटच्या दिसल्या त्या पाच-सहा वर्षांनी, नाशिकच्या सीबीएस स्टँडवर. केस पिकले होते, बारीक झाल्या होत्या. कोकणात निघाल्या होत्या. खाडीकाठची भातशेतं खणून कोळंबीची तळी करायला लागलेत, म्हणाल्या, ते होण्याआधी पोचायला हवं. त्यानंतर वर्षाभरातच त्या तिकडे काविळीने गेल्याचं कळलं. फिल्म अर्धीच राहिली.

त्या दिवशी मी त्यांच्या दोन पेट्या बसमध्ये चढवून दिल्या. एक त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका. उन्हाने फिल्म खराब होते, बाई म्हणाल्या. सीट माणसांसाठी असते, तो म्हणाला. मग बाई उठून उभ्या राहिल्या, पेटीला बसू दिलं आणि वरच्या दांडीला धरून त्याच्याशी भांडू लागल्या. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. गाडी स्टँडबाहेर वळली, तेव्हा काचेतून मला दिसलं, कंडक्टर टोपी काढून डोकं खाजवत होता आणि बाई उभ्याच होत्या.