भरल्या ताटावरून

पिशोरला मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. पहिला घास घेतला न घेतला, तोच मनगटावरचं घड्याळ थरथरलं. ते असं थरथरलं म्हणजे पडेगावच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडला. मी भरल्या ताटावरून उठलो अन् एसटी धरली. लोक हसले. हसू द्या.

त्या कॉम्प्युटरात माझी बायको आहे, म्हणजे तिचा आवाज. मला वाचायला लई वेळ लागतो, म्हणून ती फोनवर बोलूनच निरोप धाडायची. ती गेल्यावर माझ्या पोरीनं ते सगळे निरोप त्या ॲपवाल्या कंपनीकडून काढून घरच्या कॉम्प्युटरात ठेवले, अन् तो चालवायचा कसा तेही मला शिकवलं.

घरी आलो तर पुण्याचा पोरगा येऊन टेकलेला. कॉम्प्युटरचा प्लग उपटून त्यानं तिथं स्वतःचा चार्जर लावला होता.

"अण्णा, कशाला हा कुटाणा? कंपनीकडं ठेवा, फुकट सांभाळतेत. चौथी नापास माणूस तुम्ही, अन् सर्व्हर चालवता!"

"चालवतो. अन् फुकट कोण कुणाला सांभाळतं रे? तुझ्या आईला मी परक्याच्या दारात ठेवणार नाय."

चार्जर काढून त्याच्या हातात दिला. कॉम्प्युटर चालू झाल्यावर, सगळं शाबूत आहे का ते बघायला, फोनवर तिचा एक निरोप लावला.

"अहो, जेवलात का? का बसलात तसंच उपाशी?"



"नाय जेवलो," मी फोनला सांगितलं. "तुझ्या लेकानं ताटावरून उठवलं."