सुताराची पेटी

नणंद कमरेपर्यंत जमिनीत गेली होती आणि तिच्या खालून उजेड येत होता. उजेड तिच्या मोबाईलचा. टॉर्च लावून ती फोटो काढत होती. पायाखालची जमीन बसली तेव्हा मोबाईल हातातून सुटून तिच्या आधी खाली गेला. आता गवताच्या मुळांतून, तिच्या लुगड्याच्या कडेने पांढरा उजेड वर येत होता. अंधारात तिची हनुवटी तेवढी दिसत होती.

"वहिनी, पाय कशात तरी अडकलाय."

"दुखतोय?"

"नाही."

नणंदेला साखरेचा जुना आजार. पावलांना काही कळत नाही. मागे चपलेतून खिळा घुसला होता तो तिला फरशीवर रक्त बघून कळला, आणि ती जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा लागलं तर पाय जाईल, आणि विष अंगात चढलं तर माणूस जाईल. तेव्हा दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं तिच्या बाबतीत धरता येत नाही.

आम्ही आलो होतो माझ्या सासूच्या, म्हणजे तिच्या आईच्या क्रुसाचा फोटो काढायला. दफनभूमीची जुनी बाजू सपाट करणार असं रविवारी चर्चमध्ये सांगितलं होतं. तिकडे कोणी फिरकत नाही. घाणेरीची झुडपं माजलीत, अर्धे क्रूस वेलींखाली गेलेत. तिच्या परदेशातल्या मुलाला आजीच्या नावाची अक्षरं फोटोत हवी होती. उन्हात तिला चक्कर येते म्हणून ऊन उतरल्यावर निघालो, आणि क्रूस सापडेपर्यंत दिवेलागण झाली.

क्रूस पूर्ण फोटोत येईना. मीच म्हटलं, मागे सर, तिथे मोकळं आहे.

मी उगाच बोलले नव्हते. आमच्या गावात पूर्वी सगळ्यांना मिळून एकच पेटी होती. मयताला तिच्यातून न्यायचं, खड्ड्याशी चादरीसकट उचलून मातीत ठेवायचं आणि पेटी परत चर्चच्या माळ्यावर. असली माती एका पावसात दबते, मग त्यावर बैल नाचवा. ज्यांना स्वतःची पेटी परवडली त्यांनी दगडाचा क्रूसही केला. तिथे पाऊल टाकायचं नाही, लाकूड कुजलं की जमीन बसते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. नणंद उभी होती तिथे क्रूस नव्हता. म्हणून मी बिनघोर होते.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"हलतेय कोण? खालून काहीतरी सरकतंय, वहिनी."

"माती असेल."

"मातीला शेपूट असतं का?"

मी पालथी पडले आणि फटीतून बघायला गेले. कडेची माती ढासळली आणि ती आणखी वीतभर खाली गेली. मी मागे सरकले. तेवढ्यात खाली मोबाईल वाजायला लागला. मुलगा असणार, फोटो निघाला का विचारायला. वाजून वाजून थांबला.

मग ती म्हणाली, "हा आपला सुतार."

"कोण?"

"म्हातारा सुतार गं. स्वतःची पेटी स्वतःच करून ठेवली होती त्याने. फणसाची. माझ्या गुडघ्याला फळी लागतेय."

मला आठवलं. गावाचे लाकडी क्रूस तोच करायचा. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी दगडाचा क्रूस कोण करणार? लाकडाचा होता तो कधीच वाळवीने खाल्ला. फणसाची पेटी मात्र इतकी वर्षं टिकली आणि आज मोडली.

फळी म्हणजे खिळे आले. तेही गंजलेले.

कुंपणाचा एक पत्रा पडला होता तो ओढून आणला. ती त्यावर कोपर टेकून राहिली. मी म्हटलं, माणूस बघून येते.

"मला टाकून जाऊ नकोस."

"इथे बसून तुझ्याशी गप्पा मारू? तुला उचलायची ताकद नाही माझ्यात."

ती रडायला लागली. मी गेले. पळता येत नाही मला, गुडघे गेलेत. मागे वळून बघितलं तर ती दिसत नव्हती, नुसता उजेड दिसत होता. थोड्या वेळाने बघितलं तर तोही नव्हता. चार्जिंग संपलं की ती आत गेली, काही कळेना. हाक मारली. उत्तर आलं नाही.

पलीकडच्या वाडीत एक माणूस पानवेलीला पाणी सोडत होता. पंपाच्या आवाजात त्याला माझं ऐकूच येईना. मी त्याचा सदरा धरून ओढला. त्याने पानं खुडायची शिडी खांद्यावर घेतली आणि माझ्या पुढे निघून गेला.

मी पोहोचले तेव्हा शिडी खड्ड्यावर आडवी टाकून तो तिच्या बगलेत हात घालत होता. ती होती.

"मावशी, एवढी घाई कसली होती? नंबर लागला असता की."

"आधी ओढ. मग बोल," नणंद म्हणाली.

"हाकेला ओ द्यायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"दिली की. तुझे कान गेलेत."

तिला वर काढलं. डाव्या पायात फळीचा तुकडा खिळ्यासकट तसाच होता. तिला तो दिसेपर्यंत पत्ता नव्हता. शेपूट कोणाचं होतं ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, सापाचे दात दिसत नाहीत.

दवाखान्यात ताप चढला तेव्हा तिच्या मुलाला बोलावून घेतलं. तो आला. नंतर दफनभूमीतून त्याने मोबाईलही काढून आणला. शेवटच्या फोटोत सासूच्या क्रुसाची वरची बाजू आहे, अक्षरं नाहीत.

डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट कापलं. पाय राहिला. नणंद जगली.