सेउ अब्दियासची गळलेली अक्षरं

ब्राझीलमधल्या कांपिना ग्रांदे शहराच्या बोदोकोंगो वस्तीत राहणारी दाग्मार नोब्रेगा नेमकं काय करते, हे तिच्या शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नाही. सकाळी ती तंत्रशाळेत शिकवायची आणि दुपारी घरी येऊन संगणकासमोर बसायची. जगभरातली माणसं मिळून एक संगणकप्रणाली बांधतात, कुणाच्याच मालकीची नसलेली. तिच्यातले ड्रायव्हर दाग्मार दुरुस्त करायची. कळफलक म्हणा, छपाईचं यंत्र म्हणा, संगणकाला जे काही जोडाल ते आपापल्या बोलीत निरोप पाठवत असतं आणि ड्रायव्हर ते प्रणालीला समजावून सांगतो. तो दुभाष्याच. त्याने निरोप अर्धवट ऐकला, गाळला किंवा भलताच लावला, की दाग्मारचं काम सुरू.

"हातात ना पाना ना पक्कड, आणि म्हणे दुरुस्ती करते," शेजारची जोसेल्मा भिंतीवरून म्हणायची. "माझं शिलाईचं मशीन अडलं तेव्हा मात्र हिला सुई कुठे आहे तेही सापडेना."

दाग्मार नुसती हसायची. वय सेहेचाळीस, घरात एकटी, बोलणं मोजकं. लहानपणी ती फार अडखळायची. तिची वाक्यं दुसरेच पुरी करून टाकायचे, म्हणून गप्प बसायची सवय लागली ती लागलीच.

एका दुपारी जोसेल्मा वाटीभर मक्याचा कुसकुस घेऊन आली, ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिचे मामा अब्दियास, सगळ्यांचे 'सेउ' म्हणजे अब्दियासराव, जन्मापासून दृष्टिहीन. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर अंधांच्या संस्थेचे चिटणीस झाले. सभांचे वृत्तांत, सभासदांचे अर्ज, पत्रं, सगळं तेच लिहायचे. पण वर्षभरापासून त्यांच्या लिखाणात अक्षरं गळू लागली होती. आधी लोकांनी सांभाळून घेतलं, मग हळूच सुचवलं, आणि एप्रिलमध्ये त्यांनी आपणहून काम सोडलं. बोटं म्हातारी झाली, म्हणाले. आता दिवसभर अंगणात बसून असतात.

"लिहितात कशावर?" दाग्मारने विचारलं.

संस्थेला वर्षापूर्वी देणगीतून संगणक मिळाला होता आणि त्याला जोडायची ब्रेल पट्टी. पट्टीवरच्या ठरावीक कळा एकदम दाबल्या की अक्षर उमटतं. त्याआधी ते जुन्या लोखंडी ब्रेल यंत्रावर लिहायचे. तेव्हा अक्षरं गळायची का, हे जोसेल्माला आठवेना. वर्षापूर्वी, एवढंच दाग्मारच्या मनात राहिलं.

शनिवारी ती त्यांच्याकडे गेली. पट्टी आणि संगणक अजून त्यांच्याच घरी होते. अब्दियासनी स्वतः कॉफी केली, कप नेमका तिच्या हाताशी ठेवला आणि म्हणाले, "बस पोरी. काय बघायचंय ते बघ, पण मला खोटी आशा लावू नकोस."

तो आवाज ऐकून दाग्मार जागीच थबकली. ती अकरा वर्षांची असताना तिची आई त्याच सरकारी इस्पितळात होती. कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून ती रोज वॉर्डची चौकशी करायची आणि पहिल्याच शब्दावर अडकायची. ऑपरेटर कधी फोन ठेवायचा नाही, शब्दही पुरा करायचा नाही. "सावकाश सांग पोरी, लाईन तुझीच आहे," एवढंच म्हणायचा. तो हाच आवाज.

त्या दिवशी ती त्याबद्दल काही बोलली नाही. त्यांना हळू लिहायला सांगितलं तेव्हा सगळी अक्षरं आली. नेहमीच्या वेगाने लिहायला सांगितलं तर दर ओळीत दोन-तीन गायब.

"बघितलंस?" ते म्हणाले. "घाई झेपत नाही आता."

दाग्मारने पट्टीकडून येणारा प्रत्येक निरोप टिपून घेतला आणि घरी जाऊन दोन दिवस ओळ न् ओळ तपासली. पट्टीने सगळी अक्षरं पाठवली होती. एकही कमी नव्हतं. अक्षरं भराभर आली की पट्टी दोन-तीन निरोप एकाच गठ्ठ्यात पाठवायची. ड्रायव्हर त्यातला पहिला वाचायचा आणि उरलेला गठ्ठा टाकून द्यायचा. हे ज्याने कुणी लिहिलं होतं, त्याच्या मते इतक्या वेगाने माणूस लिहीतच नसावा.

ती तशीच उठून त्यांच्याकडे गेली.

"सेउ अब्दियास, तुमची बोटं चुकत नाहीत. अक्षर तुमच्या हातून निघतं, पट्टीही पाठवते. पुढे ते टाकलं जातं. तुमचा वेग त्या ड्रायव्हरला झेपत नाही."

ते दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

गठ्ठा संपेपर्यंत वाचत राहायचं, एवढीच दुरुस्ती होती. पण दाग्मारने ती पाठवली तेव्हा प्रणालीच्या त्या विभागाची राखण करणाऱ्या, आलेल्या दुरुस्त्या पारखून घेणाऱ्या आर्विद नावाच्या कुण्या उत्तरेकडच्या माणसाने कोरडं उत्तर धाडलं. निरोप मध्येच तुटून त्याची लांबी शून्य आली तर तुमचा ड्रायव्हर एकाच जागी फिरत बसेल. दाग्मारचे कान तापले, कारण त्याचं खरं होतं. मग तीन शनिवार ती आणि अब्दियास पट्टीच्या खोड्या काढत बसले. अब्दियास भरधाव लिहायचे आणि दाग्मार मध्येच वायर उपसायची. पहिल्या शनिवारी संगणक चार वेळा ठप्प झाला.

"मोडायला सांगतेस आणि वर तापिओकाची गरम धिरडी खाऊ घालतेस," ते खूश होऊन म्हणाले. "असं काम मला तरुणपणी कुणी दिलं नाही."

त्याच दिवशी तिने त्यांना त्या फोनची गोष्ट सांगितली. सांगताना बऱ्याच वर्षांनी अडखळली. ते थांबून राहिले.

"मला आठवत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "रोज दोनशे फोन घ्यायचो. आई घरी आली का?"

"आली. पुढे नऊ वर्षं होती."

"मग बरं झालं."

जूनमध्ये तिसऱ्यांदा पाठवलेली दुरुस्ती आर्विदने स्वीकारली. दोष कुणी कळवला त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायची रीत आहे. अब्दियासनी आईच्या आडनावासकट पूर्ण नाव घालायला लावलं: अब्दियास व्हेरिसिमो द लुना. आणि जोसेल्माकडून तीनदा वाचून घेतलं.

संस्थेची माणसं शरमिंदी होऊन चिटणीसपद परत द्यायला आली. नवी चिटणीस नेउमा चांगली शिकली आहे, तिलाच राहू द्या, म्हणून अब्दियासनी ते नाकारलं. मात्र वर्षभराचे वृत्तांत मागून घेतले आणि रोज सकाळी गळलेली अक्षरं भरत बसले.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा दाग्मारला फोन आला. मार्चच्या सभेच्या वृत्तांतात त्यांनी खजिनदाराचं आडनावच चुकीचं लिहिलं होतं.

"तिथे अक्षर गळलेलं नाही," ते म्हणाले. "नावच दुसरं आहे. ही चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. तुझ्या त्या आर्विदला सांग."

"त्याला कशाला सांगायचं?"

"त्याला कळू दे, मी खोटं बोलत नाही. दोष माझा असला तर तोही कळवतो."

दाग्मार इतकी हसली की भिंतीपलीकडून जोसेल्माने काय झालं म्हणून विचारलं.