परत पाठवलेली डोकी

मिस आयोनी लिबर्डपुढे केस विणून घ्यायला बसलं की दोन गोष्टी बंद, फोन आणि मान हलवणं. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून ती इंग्लंडात लीड्सला आली तेव्हा सतरा वर्षांची होती; आता सत्तरी उलटली. आमच्या चॅपलटाउन वस्तीतली निम्मी डोकी तिच्या हाताखालून गेली आहेत. तिच्या जिभेला मी अजूनही घाबरते.

मी सरकारी इस्पितळात, मेंदूचा आलेख काढतात त्या विभागात, पुढच्या टेबलावर बसते. रुग्णाला पत्र मीच पाठवते: केस धुऊन, तेल न लावता, वेण्या सोडून या. डोक्यावर एकवीस ठिकाणी तारा चिकटवायच्या असतात, त्यामुळे अठरा वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

डेल्सी हर्बर्ट तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दोनदा आकडीचे झटके आले आणि तिला पाण्यात उतरायला बंदी झाली. आलेख निघेपर्यंत डॉक्टरांना औषध ठरवता येईना. पहिल्यांदा ती वेण्या घालून आली, तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदा सहा तास बसून तिने वेण्या सोडल्या आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे केस धुतले. तसले दाट कुरळे केस धुऊन मोकळे सोडले की आक्रसून उशीसारखे फुगतात. तारा टिकेनात. आलेख काढणाऱ्या कॉलिनने 'केस अयोग्य' असं लिहिलं आणि मी अकरा आठवड्यांनंतरच्या तारखेचं पत्र दिलं. मधे झटका येऊन डेल्सी गॅसपाशी पडली आणि तिचा हात भाजला.

तेव्हा डेल्सीच्या वेण्या घालणारी मिस आयोनी ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आली. केस अयोग्य म्हणजे काय, डोक्याऐवजी पाठीवर उगवलेत का, असं तिने सगळ्या रांगेसमोर विचारलं. कॉलिन बाहेर आला. माणूस सज्जन, आवाज हळू. यात रंगाचा काही संबंध नाही, आपण कधी कुणाशी वाईट वागलो नाही, असं तो म्हणाला.

"नाहीच वागलास, बाळा," ती म्हणाली. "गोड बोलून परत पाठवलंस. केसांपायी एखादी गोरी बाई परत पाठवलीस का कधी?"

कॉलिनने खरोखर आठवून पाहिलं. मग नाही म्हणाला.

"आणि तू गं? डेल्सीच्या आधी कितीजण?"

माहीत नाही, मी म्हटलं.

"मग बघ."

एकवीस जागांचा नकाशा कागदावर काढून घेऊनच ती गेली. ठरल्या दिवशी डेल्सी आली ती डोक्याला चिकटून विणलेल्या वेण्या घालून, आणि प्रत्येक जागेवरून सरळ भांग गेलेला. तारा एका दमात बसल्या. आलेख इतका स्वच्छ आला की कॉलिन दोनदा बाहेर येऊन मला सांगून गेला. आठवड्यात डेल्सीला औषध सुरू झालं.

मग विभागाने सोपी वाट धरली. असे केस दिसले की मिस आयोनीकडे पाठवा! तिसऱ्या वेळी ती भडकली. मी मेले की पुन्हा परत पाठवणार का, म्हणाली. रुग्णाच्या खुर्चीत बसली, डोक्याचा रुमाल सोडला आणि कॉलिनच्या हातात कंगवा दिला. त्याचा पहिला भांग अगदी नागमोडी आला.

"ओढू नकोस. दुखतंय का विचार. डोकं माणसाचं आहे."

दुपार सरेपर्यंत त्याला जमलं. पत्रातली ती ओळ त्याच दिवशी मी काढून टाकली. आता लिहितो, आहात तसे या, केसांचं आम्ही बघू. वर्षभर झटका न आल्याने डेल्सी परत पाण्यात उतरली, तेव्हा काठावर मिस आयोनी पिशवी सांभाळत बसली होती.

मिस आयोनीने सांगितलेलं मोजणीचं माझं काम मात्र राहिलं होतं. जुन्या नोंदी काढल्या. अठरा वर्षांत 'केस अयोग्य' म्हणून त्रेसष्ट जण परत गेलेले, त्यातले जवळजवळ निम्मे पुन्हा फिरकलेच नव्हते. मला माझीच लाज वाटली. पहिला फोन मी रोसन विल्किन नावाच्या म्हाताऱ्याला केला. चूक आमची होती, असं सांगून माफी मागितली.



"झटके अजून येतात, पोरी," तो म्हणाला. "केस मात्र गेले. आता चालेल का?"

चालेल, मी म्हटलं, आणि त्याला त्याच आठवड्यातली तारीख दिली.