टर्बोला आधार कशाचा?

"थंडं होऊ द्या पयले." कुणी काहीही मोडकं घेऊन आलं की बाईंचं पहिलं वाक्य हेच. मग हाताची पाठ त्या लोखंडाजवळ नेऊन त्या ऊब बघायच्या. ते लोखंड आठवडाभर पावसात पडलेलं असलं तरी. एकदा मी माझ्या दुकानात गिऱ्हाइकाशी भांडत होतो, तर भिंतीपलीकडून शांत आवाज आला, "भाऊ, थंडं होऊ द्या पयले." गिऱ्हाईकच हसलं आणि भांडण तिथंच संपलं.

गोंडपिपरीत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शेजारी, एकाच भिंतीआड, बाईंचं वेल्डिंगचं शेड होतं. त्या माजरीहून आलेल्या. नवरा तिथं कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. संध्याकाळी तो घरी खिडक्यांच्या जाळ्या जोडायचा, त्याच्या शेजारी बसून बाई शिकल्या. तो आजारपणात गेला, आणि त्या माहेरी येऊन कामाला लागल्या.

नवखा माणूस आला की ठरलेला प्रश्न विचारायचा, "मिस्त्री कुठी गेले?"

"जेवाले गेले," बाई सांगायच्या. माणूस बाकावर बसायचा. बाई डबा उघडून सावकाश जेवायच्या, हात धुवायच्या, तोंडावर काच ओढायच्या आणि म्हणायच्या, "आले मिस्त्री. दाखवा."

त्यांचा मुलगा पुण्याला. तिथल्या एका गॅरेजात तो हौशी लोकांच्या गाड्यांना इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवून द्यायचा. आईनं शेड बंद करून आपल्याकडे यावं, असा त्याचा हट्ट. "लोकांची गेटं किती दिवस जोडत बसशील?" तो म्हणाला होता. बाईंनी विचारलं, "तुह्या घरी मी दिवसभर कोणाच्या तोंडाकडे पाहू?" एवढ्यावरून बिनसलं. तो दोन उन्हाळे आला नाही. फोन यायचा, पण "जेवली का?" "जेवली," इथंच संपायचा. फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ काहीच जोडत नसत. भिंतीपलीकडची ती शांतता मला ओळखू यायला लागली होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी रस्त्यावरून फुटक्या ट्रॅक्टरसारखा आवाज आला. आली मात्र एक छोटी निळी कार. मुलगा उतरला. बाई शेडच्या दारात उभ्या. तो म्हणाला, "कोठारीच्या जंगलात हेडर फुटला."

"बॉनेट उघड," बाई म्हणाल्या. "थंडं होऊ दे पयले."

हेडर म्हणजे इंजिनातला जळता धूर गोळा करून टर्बोकडे नेणारे चार पाइप. कंपनी देते तो बिडाचा, जाड, दिसायला ओबडधोबड. यानं स्वतःच्या हातानं स्टेनलेस स्टीलचा केला होता. वळणं अशी देखणी की बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. लग्नातली स्टीलची पातेली जोडून जोडून त्यांना त्या धातूची पारख आली होती.

"याआधीही फुटला. तिथंच," तो म्हणाला. "वेल्डिंग तर नीट आहे."

"वेल्डिंग नीटच हाय. वेल्डिंग कुठी फुटलं? त्याच्या बाजूनं फुटलं." केसासारखी बारीक चीर सांध्याच्या अगदी कडेनं गेली होती. मग त्यांनी पाइपाच्या तोंडात बोट घातलं. "आतून काळं, खरखरीत लागून राह्यलं. आतमंदी गॅस नाई भरला जोडतानी?"

"घाई होती," तो हळूच म्हणाला.

दोघं उघड्या बॉनेटखाली वाकले आणि मी माझं दुकान उघडं टाकून बाकावर जाऊन बसलो. तुम्हीही बसला असता. टर्बो म्हणजे काय हे बाईंना ठाऊक नव्हतं, ते तो सांगत होता. पाइप तापून लाल होतो, हेही सांगत होता.

"लाल झाला म्हणजे लांब होत असन," बाई म्हणाल्या. "स्टील लोखंडाहून जास्त वाढते. मंग वाढाले जागा कुठी हाय?"

"एक टोक इंजिनाला बोल्टांनी आवळलंय. दुसऱ्याला टर्बो."

"अन् टर्बोले आधार कशाचा?"

त्यानं पाइपांवर बोट ठेवलं. "याच पाइपांचा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हे पातळ पाइप तापतील, ताणतील, थंडे होतील, अन् वरून ते वजन बी पेलतील? मंग काऊन नाई फुटणार?"

गाडी काही दिवस शेडमध्येच राहिली. त्यांनी चिरलेले तुकडे कापले, जाड पाइप आणला. पाइपाची तोंडं चिकटपट्टीनं बंद करून सांधा आतून जळून खरखरीत होऊ नये म्हणून आत आर्गॉन गॅस भरला आणि मग जोड घातला. एका ठिकाणी पाइपात पाइप सरकेल असा सांधा ठेवला, तापल्यावर वाढायला. टर्बोला धरायला बाईंनी खालून, गाडीच्या सांगाड्याला पट्टी जोडली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, इंजिन हलते, सांगाडा हलत नाही. पट्टी इंजिनालाच पाहिजे, नाहीतर नव्यानं तुटेल."

"हे मले नाई सुचलं," बाई म्हणाल्या, आणि पट्टी काढून नवी बनवायला घेतली. त्याचं बोलणंही हळूहळू इथल्यासारखं झालं होतं. पुण्याचा विषय कुणी काढला नाही. शेडचाही नाही.

काम झाल्यावर तो म्हणाला, "बस, आई." बाईंनी हात धुतले, पदर सारखा केला आणि पुढच्या सीटवर बसल्या. आष्टीच्या पुलापर्यंत जाऊन आले. परतल्यावर बाई उतरल्या त्या हसत हसतच. "भाऊ," मला म्हणाल्या, "याचा बाप सायकल बी इतकी जोरात नाई चालवे."

तो पुण्याला परतल्यावर फोन वाढले. "पाइप कसा हाय?" बाई विचारायच्या. "बरा आहे," तो सांगायचा. आपली तब्येत दोघंही सांगत नसत. बाईंना धाप लागायला लागली होती, हे त्याला शेवटी मीच कळवलं. तो दुसऱ्याच दिवशी त्याच गाडीनं आला. या वेळी बाईंनी हट्ट केला नाही. शेडला कुलूप लावलं, "येतो भाऊ," म्हणाल्या आणि बसल्या.

पुण्याहून त्यांचा फोन यायचा. मुलाच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतात, पोट्ट्यांची जोडकामं तपासतात, तिथं सगळे त्यांना मॅडम म्हणतात, हे त्यांनी मला फार गमतीनं सांगितलं. "अन् इथी, भाऊ? रस्ता तसाच हाय का?" मी म्हणायचो, तसाच आहे. परत कधी येता, हे विचारायचं दर वेळी मनात असायचं. विचारलं नाही.

हिवाळ्यात मुलाचाच फोन आला. "काका, आई गेली." मी दुकानाचं शटर खाली ओढलं. मग न विचारताच तो म्हणाला, "पाइप अजून फुटला नाही."

शेड त्यानं विकलेलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची वीज जाते. पूर्वी ती परत आली की आधी भिंतीपलीकडे बाईंचं मशीन घुमायला लागायचं आणि मगच माझ्या डोक्यावरचा पंखा फिरलेला मला कळायचा. आता वीज येते, पंखा फिरतो, आणि मी हातातलं काम थांबवून भिंतीकडे कान देऊन बसतो.