परकराची लांबी

त्या वर्षी आमच्या गावात माझ्या गुडघ्यांवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी पुढं माझ्या लग्नातसुद्धा झाली नाही. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी नऊ वर्षांची होते. दुसरी मोठी लढाई चालू होती. कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यातली पोरं फौजेत जातच होती, पण सरकारला आणखी हवी होती. तालुक्याच्या गावी भरतीचा मेळावा ठरला, आणि पोरांना हुरूप यावा म्हणून शाळेतल्या मुलींनी तिथं लेझीम खेळावी, असा वरून हुकूम आला. आमचे मास्तर वाईचे, त्यांना कवायतीचं भारी वेड. त्यांनी लगेच मुली निवडल्या, त्यात मी होते. मी हरखूनच गेले.

मग मास्तर म्हणाले, परकर पायात येतो, पवित्रा घेता येत नाही, तेव्हा मुलींना गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक शिवा. झालं! गाव नुसतं पेटलं. लेझीम गड्यांचा खेळ, तो पोरींनी खेळायचा, तोही परक्या बाप्यांसमोर, आणि तोही उघड्या पायांनी? पाणवठ्यावर बायका एकमेकींना सांगायच्या, "आता पोरींच्या पायात चाळ बांधा आन् तमाशाच्या फडावर उब्या करा, म्हंजे झालं." देवळात बैठकी बसायला लागल्या. फ्रॉक गुडघ्याच्या खाली असावा की वर, आत चड्डी असावी की नसावी, यावर मिशीवाले बापे पान खात तासन् तास बोलत. आम्ही पोरी देवळाच्या मागं बसून ऐकायचो आणि तोंडावर हात दाबून हसायचो.

सगळे वाट बघत होते ती माझ्या आबांच्या, म्हणजे वडलांच्या, शब्दाची. आबा पहिल्या लढाईत फौजेत होते, त्यांना पेन्शन होती आणि तालुक्याचा साहेब त्यांना खुर्ची द्यायचा. त्यामुळं फौजेचं काही निघालं की आबा म्हणतील ती पूर्व दिशा. आबांनी निकाल दिला: लेझीम खेळू द्या, पण फ्रॉक नको, परकरच हवा, टाचेपर्यंत. गावाला पटलं, मास्तरांनीही मान डोलावली. सगळे आपापल्या घरी समाधानानं जेवायला गेले.

आमच्या घरी मात्र आई तव्यावर भाकरी टाकता टाकता बोलली. आई कमी बोलायची, म्हणून तिचं प्रत्येक वाक्य मला आठवतं.

"आवं, समदं गाव पोरींच्या गुडघ्याकडं बघतंय. पोरी कशापायी नाचवायच्यात, त्ये कोन बघतंय का?"

"कशापायी म्हंजे? पोरास्नी हुरूप याया," आबा म्हणाले.

"त्येच म्हंते मी. आपलं पोरगंबी तितं आसनार हाय."

आपलं पोरगं म्हणजे माझा दादा, घरातला एकुलता एक मुलगा. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगानं थोराड. आबांनी तोंडातला घास गिळला.

"आगं येडे, एकुलत्या एकाला मी सोडंन व्हय? आन् त्योबी जायाचा न्हाई. ऊस कोन बघनार?"

"तुमी जवा गेलासा तवा तुमच्या आयेला इचारून गेलावता व्हय?"

आबांचा हात ताटातच थांबला. ते घरातून पळून जाऊन भरती झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं. आबांनी पाण्याचा तांब्या ओढला, हात धुतला आणि "बाईमानसाला काय कळतंय" म्हणत उठले. आबांवर माझी फार माया होती, पण या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दिवसांत नवं कापड मिळणं कठीण होतं. माझा परकर पोटरीपर्यंतच यायचा. आईनं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली आणि परकराला खाली जोडली. शिवताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

मला लेझीम शिकवली ती दादानं. मास्तर शाळेत सांगायचे ते सगळं पुस्तकी. दादा जत्रेत खेळणारा गडी. तो अंगणात मला उभी करायचा, पाण्याच्या पिंपावर हलगीसारखा ठेका धरायचा आणि ओरडायचा, "कंबरंतनं वाक, मानंतनं न्हवं! मेंढरू हायस का तू?" माझ्या लेझमीची साखळी तुटली होती, ती त्यानं तारेनं जोडून दिली. आई दारातून आमच्याकडं बघायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, हिला माझं कौतुकच नाही. खूप राग यायचा तिचा.

मेळाव्याला आई आली नाही. सकाळी तिनं दादाला हाक मारून सांगितलं, "आज उसाला पानी पाज. तिकडं जाऊ नगंस."

दादा हसला. "आये, पोरीचा खेळ बगतो आन् येतो. पानी काय पळून जातंय व्हय?"

आणि तो आमच्या बैलगाडीच्या मागं मागं चालत आला.

मैदान माणसांनी भरलं होतं. मांडवात साहेब, शेजारी एक सुभेदार, आणि कडेच्या खुर्चीवर फेटा बांधून आमचे आबा. आम्ही खेळलो. खोटं कशाला बोलू, झकास खेळलो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मास्तरांनी शिकवल्याप्रमाणं आम्ही समोरासमोर दोन ओळी केल्या आणि लेझमी वर धरून कमान केली. ज्याला भरती व्हायचं त्यानं त्या कमानीखालून जायचं, पलीकडं त्याला गुलाल लावणार, फेटा बांधणार.

कोणी हलेना. सुभेदार उठला. "एवढुशा पोरी भीत न्हाईत, आन् तुमी गडी भिताय व्हय रं?" मास्तरांनी खूण केली आणि आम्ही ठरल्याप्रमाणं ओरडायला लागलो, "पुढं या! पुढं या!" घसा फाटेस्तोवर ओरडलो. कमानीच्या पलीकडं काय आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आज कोणी मला म्हणालं की तुमच्या ओरडण्यानं पोरं गेली, तर मी त्याची जीभ हासडीन. आम्ही पोरी होतो. ज्यांना कळत होतं ते मांडवात बसले होते.

एक पोरगा आला. मग दुसरा. मग घोळकाच आला, हसत, एकमेकांना ढकलत. आबा प्रत्येकासाठी टाळी वाजवत होते. आणि माझ्यासमोर दादा वाकून उभा.

"वर धर की गं, डोक्याला लागतंय," तो म्हणाला.

मी टाचा उचलल्या आणि लेझीम वर धरली. तो खालून निघून गेला.

आबांची टाळी अर्ध्यावर राहिली. ते उठले. एक शब्द बोलायचा होता, माझा एकुलता एक आहे, वयानं कच्चा आहे, एवढाच. पण सुभेदारानं वळून त्यांना सलाम ठोकला, आणि आबांनी उलट सलाम केला. मग ते तसेच उभे राहिले.

घरी आलो तर आई अंगणातच होती. दादाच्या कपाळावरचा गुलाल तिनं पाहिला. रडली नाही, भांडली नाही. आबांकडं वळून एवढंच म्हणाली, "गुडघं झाकलं व्हतं न्हवं?"

आबा फेटा सोडत आत गेले.

दादा मिरजेहून गाडीत बसून गेला. पुढं बर्माच्या आघाडीवरून तो गेल्याची तार आली. त्यानंतर आमच्या घरात कोणी पिंपावर बोट वाजवलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तेच मास्तर पुन्हा दारात आले. आबा ओट्यावर होते. मास्तर चाचरत म्हणाले, "आबा, झेंडावंदन आहे. मुलींची लेझीम बसवतोय. परकरच असेल, टाचेपर्यंत."

"परकराचं ऱ्हाऊ द्या, मास्तर," आबा म्हणाले. "आवंदा कुनाची पोरं न्यायची हायती, त्ये आदी सांगा."

मास्तरांचे डोळे भरून आले. "कुणाचीच नाही, आबा. फक्त झेंडा चढवायचाय."

आबा वळले. दारात आई उभी होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना तिला विचारताना ऐकलं, "काय करायचं गं?"

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तारेनं जोडलेली ती लेझीम होती आणि तो परकर.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "त्यानं शिकवल्यालं वाया कशाला घालवायचं?"

मी परकर नेसून बाहेर आले. मी एवढी उंच झाले होते की हिरव्या पट्टीसकट तो जेमतेम गुडघ्यापर्यंत येत होता. मी तशीच गावातून चालत शाळेत गेले. ओट्याओट्यावर तीच माणसं बसली होती. कोणीही एक शब्द बोललं नाही.